तात्यांची ड्यूटी

भानुदासतात्या खेळ चालवायचे ते उभ्यानं. आम्ही तिघं खुर्च्यांवर, मधे टेबल, टेबलावर फासे, आणि टेबलाच्या डोक्याशी तात्या. पांढरा सदरा, खिशाला पेन, खांद्यावर टॉवेल, दोन्ही हात मागे बांधलेले. "तात्या, बसा की," म्हटलं तर म्हणायचे, "बसून गाडी सुटत न्हाय."

त्यांची सगळी नोकरी इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली. कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुठली आज येणार नाही, हे कर्ण्यावरून सांगायचं काम. निवृत्त होऊन निरवांगीला घरच्या पेरूच्या बागेत रमलेल्या या माणसाचा फाशांशी आणि राक्षसांशी काही संबंध येण्याचं कारण नव्हतं. तो आला ओंकारमुळे, त्यांच्या एकुलत्या एक मुलामुळे.

ओंकार बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत होता. दर रविवारी दुपारी इरफानच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीत तो आमचा खेळ घ्यायचा. खेळ तसा सांगायला सोपा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी चोर. एक जण गोष्ट सांगतो. तुम्ही जंगलात शिरलात, समोर पडका पूल आहे, पलीकडून कुणीतरी हाक मारतंय; काय करता? तुम्ही सांगायचं काय करता ते, आणि जमतं की नाही हे फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला गेममास्टर म्हणतात. जिथं तिथं मित्रामित्रांत खेळतात तो हा खेळ, पण ओंकारचा गट एका मोठ्या साखळीत होता. त्या साखळीत एकच गोष्ट निरनिराळ्या गावांत खेळली जाते, तुमचं पात्र घेऊन तुम्ही पुण्यात काय नि सोलापुरात काय, कुठल्याही टेबलावर जाऊन बसू शकता. वर्षातून दोन-चारदा मोठे मेळावे भरतात. तिथं अनोळखी माणसांसाठी टेबल चालवणारे सगळे स्वयंसेवक. त्यांना कुणी काही देत नाही. दिवसभर बोलून घसा बसतो, एवढंच.

मी सांगलीहून बदलून बारामतीच्या कॉलेजात शिकवायला आले होते. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. फोनची काच बदलायला इरफानकडे गेले आणि जिन्यावरून येणारा दंगा ऐकून वर गेले, ती रविवारची कायमचीच झाले. इरफान आणि मी दोघं, तिसरी मयूरी, एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात नर्स.

एका रविवारी खेळ संपवून ओंकार मोटारसायकलवर निरवांगीला निघाला. कारखाने चालू असण्याचे दिवस. दिवेलागणीची वेळ. लासुर्ण्याच्या अलीकडे उसानं भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नव्हता, काही नव्हतं. त्याच्या फोनवर शेवटचा नंबर इरफानचा होता म्हणून लोकांनी इरफानला फोन केला, आणि निरवांगीला जाऊन ती बातमी सांगायचं इरफानच्या नशिबी आलं.

त्यानंतर माडीला कुलूप लागलं. टेबल इरफाननं भिंतीला उभं करून ठेवलं.

ओंकारचा फोन तात्यांनी बंद केला नव्हता. रोज चार्ज करायचे. काही आठवड्यांनी त्यावर पुण्याहून वैदेहीचा फोन आला. साखळीचं पुण्याचं काम ती बघायची. तिला काहीच कळलेलं नव्हतं. ओंकारनं मेळाव्यात टेबल घ्यायचं कबूल केलं होतं, त्याचं नक्की करायला तिनं फोन केला होता. पुढचं वैदेहीनंच मला सांगितलं. तात्यांनी मुलगा गेल्याचं सांगितलं. ती रडायला लागली. ते तिचं रडणं थांबेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "त्येनं ड्यूटी घेतलीती का?"

"काका, त्याचं काही मनात आणू नका. आम्ही ते टेबल रद्द करतो."

"रद्द कशाला? ड्रायव्हर आला न्हाय म्हणून गाडी रद्द करत्यात व्हय? बदली ड्रायव्हर द्यायचा. मी येतो."

"काका, तुम्हाला खेळ येतो?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "मेळावा कवा हाय?"

त्या रविवारी ते एस.टी.नं बारामतीला आले आणि इरफानच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले. इरफाननं आम्हा दोघींना बोलावून घेतलं. टेबल आडवं झालं. आम्हाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी नियमांचं पुस्तक पुढे केलं, तर त्यांनी ते हातानं बाजूला सारलं. "नियम मागनं. त्यो कसा करायचा त्ये आदी सांगा."

आम्ही सांगायला लागलो. ओंकार गुहेचं वर्णन करताना आवाज उतरवायचा. म्हाताऱ्या चेटकिणीचं बोलताना एक डोळा मिटायचा. कुणी मूर्खासारखा बेत केला तरी "नको" म्हणायचा नाही, नुसतं "बरं, मग?" म्हणायचा. तात्या खाली मान घालून ऐकत होते. मधेच म्हणाले, "घरात त्यो बोलायचा न्हाय वो. जेवताना हं, जाताना हं. मला वाटायचं, आपलं पोरगं मुकंच हाय निम्मं."

ते शिकले. चांगले शिकले असं म्हणवत नाही. त्यांचा अजगर डेपो मॅनेजरसारखा बोलायचा आणि जलपरी रिझर्व्हेशनच्या खिडकीवरच्या बाईसारखी खेकसायची. मयूरी हसून हसून टेबलावर डोकं टेकायची. गेममास्टर हा शब्द त्यांना आवडायचा नाही. "मास्टर कसला? कंट्रोलर म्हणा. गाडी तुमीच चालवताय." पण रस्त्याचं वर्णन करावं तर तात्यांनीच. वळण कुठलं, चढ कुठं, कुठल्या झाडाखाली माणसं थांबतात, सगळं दिसायला लागायचं. आणि त्यांच्या गोष्टीत वाटेवर बैलगाडी आली, छकडा आला, व्यापाऱ्यांचा तांडा आला, की प्रत्येकाच्या मागं कंदील टांगलेला असायचाच. भर दुपारीसुद्धा. आम्ही कुणी त्यावर कधी बोललो नाही.

पुण्याच्या मेळाव्याला मी त्यांच्याबरोबर गेले. हॉलभर टेबलं, शंभर तोंडांचा गलका, आणि बहुतेक सगळी पोरं त्यांच्या निम्म्या वयाची. सकाळी स्वयंसेवकांना गोल उभं करून वैदेहीनं एक प्रश्न फिरवला, तुम्ही हे का करता? एक म्हणाला, मला गोष्टी सांगायला आवडतात. एक मुलगी म्हणाली, शाळेत माझ्याशी कुणी बोलायचं नाही, एका टेबलानं मला बसवून घेतलं, ते फेडते. तात्यांची पाळी आली. "मी बदलीवर आलोय," ते म्हणाले. "ओंकारच्या जागी." त्यावर प्रश्न पुढं न फिरवता वैदेहीनं सगळ्यांना टेबलांकडे पाठवलं.

खेळ त्यांनी रेटून नेला. दोनदा नियम चुकला, समोरच्यांनी सांभाळून घेतलं. पण खरं घडलं ते जेवणाच्या सुट्टीत. एक उंच मुलगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. बोलताना तो फार अडखळत होता. ओंकारदादाच्या टेबलावर मी होतो, म्हणाला. माझं वाक्य अडकलं की लोक ते पुरं करून देतात. दादा कधी करायचा नाही. थांबायचा. एवढं सांगायला त्याला बराच वेळ लागला. तात्या हातातला घास हातात धरून थांबले होते. तो गेला आणि दुसरी एक बाई आली. ओंकारनं तिच्या टेबलावर शाहिरासारखा पोवाडा गायला होता, राक्षसाच्या दरबारात. "गाणं?" तात्या म्हणाले. "आमचा ओंकार?" संध्याकाळपर्यंत अशी पाच-सहा जणं आली. परतीच्या गाडीत तात्या खिडकीकडे तोंड करून बसले होते. दौंडच्या फाट्यावर एकदम म्हणाले, "मॅडम, हितं एक येगळंच पोरगं व्हतं माझं. मला म्हाईतच न्हाय."

आलेली ड्यूटी झाली होती. पण आठवड्यानं त्यांनी वैदेहीला आपण होऊन फोन केला. पुढचा मेळावा कुठं? मग ते सोलापूरला गेले, कोल्हापूरला गेले, पुन्हा पुण्याला गेले. टेबल मांडायचं, उभ्यानं चालवायचं, आणि सुट्टीत हॉलच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. कुणी यावं आणि ओंकारचं काही सांगावं. सोलापुरात दोघं भेटले. कोल्हापुरात एक जण भेटला, त्याला नीट आठवत नव्हतं. त्याच्या पुढच्या वेळी कुणीच आलं नाही.

घरी याचं काय चाललं होतं, ते आम्हाला उशिरा कळलं.

आमच्या बारामतीच्या टेबलावर एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती. तात्यांच्या खेळात कुणी मरायचं नाही. शत्रूसाठी टाकायचा फासा ते टॉवेलाच्या आड टाकायचे आणि काहीही पडलं तरी म्हणायचे, "चुकला. वाचलात." कड्यावरून पडलो तर खाली झुडूप, पुरात वाहून गेलो तर ओंडका. कितीतरी महिने असं चाललं. मग एका रविवारी मयूरी सलग दोन पाळ्या करून तशीच आली होती. तिचं पात्र म्हणजे एक वैदू बाई, एकटी सात जणांवर चालून गेली होती. तात्यांनी टॉवेलाआड फासा टाकला. "चुकला."

"दाखवा," मयूरी म्हणाली.

"चुकला म्हणलं न्हवं?"

"तात्या, माझ्या वॉर्डात आज सकाळी एक बाई गेली. नातेवाईक मला विचारत होते, सिस्टर, बरी होईल ना? मी दोन दिवस 'होईल' म्हणत होते. इथं तरी मला कुणी खोटं सांगू नका."

तात्यांनी फासा उचलून खिशात टाकला, टॉवेल खांद्यावर घेतला आणि जिना उतरून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलत नव्हते.

मी आणि मयूरी निरवांगीला जायला निघालो. इरफानला चल म्हटलं, तर तो स्क्रू फिरवत राहिला. "मी त्या घरात नाही येणार, ताई," एवढंच म्हणाला.

तात्या बागेत होते, पेरूंना पिशव्या चढवत होते. आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिशवी बांधायला लागले. बोलल्या त्या मालनकाकू, दारातूनच. आम्हाला त्यांनी आत या म्हटलं नाही.

"तुमीच का त्या?"

"हो काकू."

"तुमच्यातनं घरी येताना गेला माझा ल्योक. रविवारी झोपायचं सोडून, आयबापाजवळ बसायचं सोडून, राक्षस-राक्षस खेळाया जायाचा. आता हे जात्यात. ज्या दुकानातनं त्यो मेला त्याच दुकानात. लोकं मला इचारत्यात, तुजा नवरा येडा झालाय का? काय सांगू? रविवारी मी ह्या माणसाशी बोलत न्हाय. सोमवारी बोलते. रविवारी न्हाय."

मयूरी रडत होती. मालनकाकू तिच्याकडे बघत होत्या, पण त्यांच्या तोंडावर काहीच हललं नाही. तात्या बागेतून आले, आम्हाला एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला. गाडी आल्यावर मयूरीला म्हणाले, "तुजं खरं हाय, पोरी. मला टाकाया व्हत न्हाय फासा. हात धजत न्हाय."

पण पुढच्या रविवारी आले. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मागच्या खेळात जिथं थांबलो होतो तिथूनच सुरुवात केली. वैदू बाई, समोर सात जण. फासा त्यांनी टेबलाच्या मधोमध टाकला. तो फिरला, थांबला. आम्ही सगळ्यांनी पाहिला. तात्यांनी दुसरा टाकला. मग खाली बघतच म्हणाले, "ग्येली."

खाली रस्त्यावर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं.

"आता?" तात्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. अशा वेळी ओंकार काय करायचा, हे सांगायचं आमच्याकडून राहूनच गेलं होतं, कारण त्यांना कधी विचारायची वेळ आली नव्हती.

"आता बाकीच्यांनी पुढं जायचं," मयूरी म्हणाली. "मी नवीन पात्र करीन."

"तसं कसं? हिच्या घरी कोण हाय?"

"आई आहे. गावाकडं. असं मी लिहिलं होतं सुरुवातीला."

"मग कळवाया नको? घरी कळवाया जावा की कुणीतरी."

माझ्या पात्राला जखमा झाल्या होत्या. राहिला इरफानचा योद्धा. इरफान माझ्याकडे बघायला लागला, मग तात्यांकडे. "मी जातो," म्हणाला.

तात्यांनी वाटेचं वर्णन केलं नाही. म्हणाले, "घर आलं. दार वाजव." इरफाननं टेबलावर बोटांनी टकटक केलं.

तात्यांचे हात नेहमी मागे बांधलेले असायचे. ते त्यांनी सोडले. पदर सारखा करावा तसा उजवा हात खांद्याशी गेला, तिथं टॉवेल नव्हता. "कोण हाय?" ते म्हणाले. आवाज बायकी केला नव्हता, काहीच केलं नव्हतं. तरी आम्हा दोघींना कळलं, हे कोण बोलतंय.

"मी... तिच्याबरोबर होतो," इरफान म्हणाला. "ती गेली."

तात्यांनी हात खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, "जेवली व्हती का?"

इरफाननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तात्या थांबले होते. कुणीतरी अडखळल्यावर थांबावं, तसे.

"जेवला होता, तात्या," इरफान म्हणाला. "आमच्या घरी. अम्मीनं वाढलं होतं. काकूंनी त्या दिवशी मला हेच विचारलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी तसाच पळून आलो. पण जेवला होता."

"काय व्हतं?"

"मटकी होती. भाकरी. दोन खाल्ल्या त्यानं, आणि अजून अर्धी मागून घेतली."

"बरं," तात्या म्हणाले. त्यांनी टॉवेल उचलला, तोंड पुसलं, मान पुसली. "आज हितंच थांबू."

जाताना त्यांनी इरफानच्या पाठीवर हात ठेवला. एस.टी.ला वेळ होता तरी लगेच निघाले.

घरी जाऊन त्यांनी मालनकाकूंना सांगितलं. रविवार असूनही. काकूंनी काय केलं, हे मी तात्यांना पुढं कधीतरी विचारलं. मला वाटत होतं, काकूंना थोडं हलकं वाटलं असेल. तात्या म्हणाले, "आयकून घेतलं. म्हणली, शेवटचा घास दुसऱ्याच्या हातचा खाल्ला व्हय. आन् चुलीकडं ग्येली." थोड्या वेळानं पुढं म्हणाले, "पण आयकून घेतलं."

त्या दिवसापासून तात्या फासा उघडा टाकायचे. माणसं मरायला लागली. माझी दोन पात्रं गेली. प्रत्येक वेळी ते खेळ थांबवून विचारायचे, हिच्या घरी कोण हाय, आणि कुणाला तरी दार वाजवायला पाठवायचे. साखळीच्या नियमांत असलं काही नव्हतं. वैदेहीकडे कुणीतरी तक्रारही केली, काका गोष्ट पुरी करत नाहीत, मेलेल्यांच्या घरी नेत बसतात. वैदेहीनं ऐकून घेतलं आणि त्यांचं टेबल तसंच ठेवलं.

मग माझी बदली झाली, मयूरीनं नाशिकला नोकरी धरली. बारामतीचं टेबल मोडलं. तात्या मेळाव्यांना मात्र जात राहिले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पुण्यालाच, तोच हॉल. मी पाहुणी म्हणून गेले होते. तात्या वाळले होते. आवाज पहिल्यासारखा पोचत नव्हता. आणि भिंतीकडच्या एका खुर्चीत, सगळ्या टेबलांकडे पाठ करून, मालनकाकू बसल्या होत्या. काकूंच्या डोळ्याच्या तपासणीला आले होते दोघं. नातलगाकडे थांबते का, असं तात्यांनी विचारलं, तर नको म्हणाल्या होत्या.

मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी मला ओळखलं. हॉलमध्ये हशा पिकत होता, फासे खडखडत होते. सुट्टीत मी तात्यांना विचारलं होतं, "अजून कुणी भेटतं का ओंकारच्या ओळखीचं?" ते म्हणाले होते, "न्हाय. लई दिस झालं. ही पोरं नवीन हायती सगळी." मग का येता, हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचं कुणी हाक मारत आलं आणि ते गेले.

बऱ्याच वेळानं मालनकाकू म्हणाल्या, "ह्यात त्यो कुठं बसायचा?"

मला माहीत नव्हतं. ओंकारबरोबर मी कधी पुण्याला आले नव्हते. मी वैदेहीला विचारून आले. खिडकीजवळचं टेबल, असं तिनं दाखवलं. काकू उठल्या. टेबलांच्या मधून, पदर आवरत, कुणाला धक्का लागणार नाही अशा बेतानं गेल्या आणि त्या टेबलापाशी थांबल्या. तिथं चष्मा लावलेला एक मुलगा खेळ घेत होता, हातवारे करून काहीतरी सांगत होता. काकू त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्यानं मागं वळून पाहिलं.

"काही हवंय का, काकू?"

"न्हाय बाळा. चालू दे तुजं."

तो घुटमळला, मग पुन्हा टेबलाकडे वळला. काकू तिथंच उभ्या होत्या.

पलीकडे तात्या त्यांच्या टेबलाशी वाक्य अर्धं टाकून थांबले होते. ते तिकडेच बघत होते. त्यांच्या समोरची चार-पाच जणं वाट बघत होती. कुणीतरी हळूच "काका" म्हटलं. तात्यांनी मान फिरवली, सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं.

"कुठवर आलतो आपण?" त्यांनी विचारलं.

एका मुलीनं सांगितलं.

"हां," तात्या म्हणाले, आणि पुढं सांगायला लागले.